माणसाचे रकाने

मराठींत ‘गुण’ हा शब्द दोन कामें करतो, आणि तीं दोन्ही एकाच वेळीं करीत असल्यामुळें आपला बराच घोटाळा होतो. खरें बोलणें हा गुण. आणि गणिताच्या परीक्षेंत शंभरांपैकीं मिळालेले बासष्ट, तेहि गुणच. लग्न जुळवावयाचें झालें कीं जोशीबोवा दोन पत्रिका समोर मांडून छत्तिसांपैकीं गुण काढतात. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, असे चढत चढत नाडीच्या ८ पर्यंत येतात. आणि बेरीज १८ च्या आंत राहिली कीं मुलगी गुणी असूनहि गुण जमत नाहींत. ज्या भाषेंत हें वाक्य कोणालाहि खटकत नाहीं, त्या भाषेच्या लोकांनीं माणूस आंकड्यांत मांडतां येतो कीं नाहीं या प्रश्नाकडे थोडें अधिक लक्ष द्यावयास हवें होतें. आपण तें दिलेलें नाहीं. प्रगतिपुस्तक, गोपनीय अहवाल, नोकरीचा अर्ज, असे कागद आपण जन्मभर भरीत असतों व इतरांकडून भरवून घेत असतों. पण त्यांवरील रकाने कोणीं आंखले व तेच कां आंखले, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं.

आमच्यापुढें हा प्रश्न आला तो एका खेळाच्या निमित्तानें. प्रौढ वाचकांनीं नाक मुरडण्यापूर्वीं तो खेळ काय आहे तें सांगणें अवश्य आहे. चारपांच माणसें मेजाभोवतीं बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो व बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार सांगतो, ‘रात्र पडली आहे, नदीला पूर आला आहे, पैलतीरावर मशाली हलतांना दिसत आहेत.’ मग आपलें पात्र काय करतें तें ज्यानें त्यानें सांगावयाचें. पुरांतून पोहून जाणें साधेल कीं नाहीं अशी शंका असेल तेथें फांसे टाकावयाचे. या खेळाला सोंगट्या नसल्या तरी चालतें, आणि शेवटीं कोणी जिंकत नाहीं. मुलें रात्र रात्र तो खेळतात, आणि एकच कथा महिनेच्या महिने पुढें चालते. अमेरिकेंतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवाचा असा पहिला खेळ छापून प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर त्याच्या वंशांत शेंकडों खेळ निपजले.

या खेळांत प्रत्येक गड्यापुढें एक कागद असतो. त्याच्या पात्राची सारी माहिती त्या कागदावर रकान्यांत भरलेली असते. मुलें त्याला ‘कॅरेक्टर शीट’ म्हणतात. आम्ही येथें पात्रपत्रिका म्हणूं. ‘कॅरेक्टर’ या इंग्रजी शब्दाचा घोटाळा आपल्या ‘गुणा’हूनहि मोठा आहे. नाटकांतील पात्र तें कॅरेक्टर, माणसाचा स्वभाव तोहि कॅरेक्टर, आणि चारित्र्य तेंहि कॅरेक्टरच. आपल्याकडे हे तीन शब्द वेगळे आहेत ही सुदैवाची गोष्ट आहे. कारण पत्रिका आंखावयास बसलें म्हणजे पहिला प्रश्न हाच येतो कीं, या तिहींपैकीं कागदावर काय लिहावयाचें?

आमच्या ओळखीच्या चार विद्यार्थ्यांनीं, तीन मुलगे व एक मुलगी यांनीं, असा एक खेळ स्वतः रचण्याचें मनावर घेतलें आहे. स्थळ देश व मावळ. काळ खर्ड्याच्या लढाईच्या, म्हणजे १७९५ सालाच्या, आगेमागचा. रकान्यांना मराठी नांवें काय द्यावीं एवढेंच विचारण्यास तीं आमच्याकडे आलीं होतीं. पण नांव देणें ही गोष्ट दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं. नांव सांपडेनासें झालें कीं ती वस्तूच आपणांस नीट ठाऊक नव्हती असें ध्यानांत येतें.

मूळच्या अमेरिकन खेळांत सहा रकाने होते. शक्ति, काटकपणा, चपळाई, हे तीन देहाचे. आणि तीन मनाचे. देहाच्या तिघांनीं कांहीं त्रास दिला नाहीं. मनाच्या तिहींतील पहिला बुद्धि आणि दुसरा शहाणपण. या दोहोंस वेगळे रकाने दिलेले पाहून आमच्या मुलांस नवल वाटलें. आम्हांस मुळींच वाटलें नाहीं. पुष्कळ शिकलेला पण शहाणपणाचा लवलेश नसलेला मनुष्य पाहण्यास मराठी माणसाला अमेरिकेपर्यंत जावें लागत नाहीं. महाविद्यालयाच्या अध्यापकांच्या खोलींत डोकावलें तरी पुरे. सहावा रकाना ‘कॅरिझ्मा’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ईश्वरी प्रसाद असा आहे. ‘तेज’ म्हटलें तर ऋषि डोळ्यांपुढें उभा राहतो, ‘वजन’ म्हटलें तर मामलेदार. शेवटीं ‘छाप’ हा शब्द ठरला. एका मुलानें विचारलें कीं, छाप ही पडणाऱ्याची कीं ज्याच्यावर पडते त्याची? त्या वेळीं आम्हीं तो प्रश्न बाजूस सारला. पुढें तो निराळ्या वेषानें परत यावयाचा होता.

हे सहा आंकडे ठरविण्याची मूळची रीत अशी कीं, प्रत्येक रकान्यासाठीं तीन फांसे टाकावयाचे व येईल ती बेरीज मुकाट्यानें लिहावयाची. तीन फांशांच्या २१६ जुळणींपैकीं १० ची बेरीज २७ वेळां येते, ११ चीहि तितक्याच वेळां; १८ मात्र एकदांच. म्हणजे बहुतेक पात्रें मध्यम प्रतीचीं निघतात आणि एखादाच भीम जन्मास येतो. आम्हांस या रीतींत एक सचोटी दिसते. ज्याला बुद्धि १७ पडली त्याला त्याबद्दल फुशारकी मारण्यास जागा राहत नाहीं. सर्वांच्या देखत फांसा टाकूनच ती आली आहे. घराण्याच्या पुण्याईनें किंवा स्वतःच्या कष्टानें आपण हुशार निपजलों असें मानणारीं जीं माणसें आपण रोज पाहतों, त्यांस या खेळाच्या पहिल्या घटकेला एकदां बसवावें असें वाटतें.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट, त्या सहा रकान्यांत काय नाहीं ही आहे. त्यांत धैर्य नाहीं. सत्य नाहीं, दया नाहीं. हा खेळ युद्धखेळांच्या पोटीं जन्मला. प्रशियाच्या सैन्यांत राइस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्याचा नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ १८२४ पासून शिकवणीसाठीं वापरांत होता, एच्. जी. वेल्स यानें १९१३ सालीं ‘लिटल् वॉर्स’ या पुस्तकांत खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले. शिपायाचा विवेक मोजण्याचें त्या खेळांस कारणच नव्हतें. तथापि धैर्य गाळण्याचें कारण एवढेंच नसावें. अमेरिकन खेळांत भाडोत्री अनुचर संकटांत टिकतील कीं पळतील हें फांशांनीं ठरविण्याची सोय होती. गड्याच्या स्वतःच्या पात्राविषयीं मात्र तशी सोय नव्हती. तें पळेल कीं उभें राहील हें ज्यानें त्यानें आपल्या तोंडानें सांगावयाचें. दुसऱ्याचें धैर्य ही आपल्या दृष्टीनें अंदाजाची बाब असते, स्वतःचें धैर्य ही निर्णयाची, हा नीतिशास्त्रांतला मोठा सिद्धान्त त्या खेळगड्यांनीं फारसा विचार न करतां एका नियमांत घालून ठेवला.

त्यांनीं तेथेंच थांबावयास हवें होतें. पण त्याच कागदावर आणखी एक रकाना होता, पात्राच्या नैतिक पक्षाचा. १९७४ सालीं सुव्यवस्था, तटस्थता व अनागोंदी असे तीन पक्ष होते. १९७८ पर्यंत त्यांस सुष्ट-दुष्ट अशी दुसरी मोजपट्टी आडवी लागून एकंदर नऊ घरें झालीं. खेळ सुरू होण्यापूर्वींच गड्यानें आपल्या घरावर खूण करावयाची. त्याचा परिणाम कोणीहि सांगेल तोच झाला. सोबत्याला दगा दिल्यावर जाब विचारला तर गडी कागदाकडे बोट दाखवितो: ‘माझें पात्र दुष्टच आहे, तें दुसरें काय करणार?’ आपल्या नाट्यशास्त्रांतहि धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशान्त असे नायकाचे चार भेद आहेत. परंतु तेथें सबंध नाटक कवीच्या हातीं असतें, आणि नायकाला पुढच्या अंकांत काय करावें असा प्रश्न पडत नाहीं. खेळांतल्या गड्याला तो क्षणोक्षणीं पडतो. न्यायाचीं कृत्यें करून मनुष्य न्यायी होतो, असें ॲरिस्टॉटलनें मांडलें. येथें न्यायी हें बिरुद आधीं आणि कृत्य मागाहून, असा उलटा क्रम लागतो. अर्थात् अशीं बिरुदें लावून वावरणारीं माणसें मेजाभोवतीं बसलेल्या मुलांतच असतात असें नाहीं.

चारित्र्य एकाच शब्दांत लिहिणें फसलें, तर स्वभाव थोडा अधिक सूक्ष्मपणें लिहितां येईल काय? या प्रश्नाचें आम्हांस ठाऊक असलेलें सर्वांत विचारी उत्तर ग्रेग स्टॅफर्ड यानें १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पेंड्रॅगन’ या खेळांत आहे. त्यांतील पात्रें आर्थर राजाच्या दरबारचे सरदार आहेत. त्यांच्या पत्रिकेवर स्वभावाच्या तेरा जोड्या छापलेल्या असतात: दयाळू-क्रूर, उदार-स्वार्थी, क्षमाशील-सूड घेणारा, नम्र-गर्विष्ठ, शूर-भित्रा, वगैरे; आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १३ असेल तर क्रौर्य ७. कसोटीचा प्रसंग आला म्हणजे वीस बाजूंचा फांसा टाकावयाचा. दयेच्या आंकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला तर सरदार दयेनें वागतो, नाहीं तर क्रौर्याची पाळी येण्याचा संभव असतो. एखादें ठळक कृत्य केलें कीं त्या गुणापुढें खूण होते, व हिंवाळ्यांत, मोहिमा थंडावल्यावर, पुन्हां फांसा टाकून तो गुण वाढला कीं नाहीं हें पाहतात. मूळच्या आंकड्याहून फांसा अधिक पडला तरच वाढतो. म्हणजे जो आधींच फार दयाळू आहे त्याला आणखी दयाळू होणें सर्वांत कठीण. शिवाय ख्रिस्ती सरदाराच्या पत्रिकेवर नम्रतेखालीं रेघ ओढलेली, तर जुन्या देवदेवतांना मानणाऱ्याच्या पत्रिकेवर गर्वाखालीं. कागद एकच, पण कोणता गुण कोणाचा सद्गुण, हें ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणें. एवढी बारीक नजर आम्हीं पुष्कळ नीतिग्रंथांत पाहिलेली नाहीं.

आमच्या मुलांनीं मात्र यावर कडाडून हल्ला केला. ‘दया करावयाची असें मीं ठरविलें आणि फांशानें क्रौर्य केलें, तर खेळतो कोण, मी कीं फांसा?’ प्रश्न चोख होता. पण मनांत नसतांनाहि कोणीतरी ढकलल्यासारखा मनुष्य पापाकडे कां जातो, हें अर्जुनानें गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत विचारलें तेव्हांपासून, आपण ठरवितों आणि आपण करतों यांच्यामधील दरी आपल्या परिचयाची आहे. सकाळीं पांचला उठण्याचा निश्चय केलेल्या कोणत्याहि गृहस्थास फांशाचा हा नियम अन्यायाचा वाटूं नये. आमचा आक्षेप निराळा आहे. बेरीज २० कां? दया वाढली म्हणजे क्रौर्य तितकेंच कमी होतें हें खरें आहे काय? घरांत मुलांलेकरांशीं, गाईवासरांशीं अत्यंत मायाळू असलेला आणि मुलुखगिरींत परक्यांच्या गोठ्यांना बेधडक आग लावणारा शिपाई इतिहासांत दुर्मिळ नाहीं. त्याची दया १० आणि क्रौर्य १० असें लिहिणें म्हणजे तो सर्वत्र कोमट आहे असें म्हणणें. तो कोमट नाहीं. कोणासाठीं दया आणि कोणासाठीं क्रौर्य, याची वांटणी त्याच्यापाशीं पक्की आहे. तेरा जोड्यांत त्या ‘कोणासाठीं’ला रकाना नाहीं.

स्टीव्ह जॅक्सन याच्या ‘गर्प्स’ या १९८६ च्या खेळाची तऱ्हा आणखी वेगळी, आणि पहिल्या वाचनाला हंसूं आणणारी आहे. तेथें फांसे नाहींत. गड्याला १०० मोहरा द्याव्या त्याप्रमाणें १०० अंक मिळतात व त्यांतून शक्ति, विद्या, तलवारबाजी विकत घ्यावयाची. अंक अपुरे पडले तर एखादें वैगुण्य पत्करावें, म्हणजे कांहीं अंक परत मिळतात: लंगडेपणा, भित्रेपणा, दारूचें व्यसन. आणि या वैगुण्यांच्याच यादींत, दारूबाजांच्या पंक्तीला, सचोटी बसलेली आहे! कायदा मोडतां येत नाहीं असा ज्याचा स्वभाव, त्याला १० अंक परत. खोटें बोलतां न येणें, दिलेला शब्द पाळणें, हींहि त्याच यादींत. आमच्यांतील एक मुलगा म्हणाला, ‘सर, हा खेळ एखाद्या वाण्यानें रचलेला दिसतो.’ पण त्या वाण्याला आम्ही दाद देतों. नीतिपाठांचीं पुस्तकें सचोटीनें अखेर फायदाच होतो असें मुलांस सांगत असतात. सचोटीमुळें वाटा बंद होतात, हात बांधले जातात, तिला किंमत पडते, हें कबूल करणारा हा एकटाच कागद आम्हीं पाहिला. दोष दुसरीकडे आहे. ती किंमत तेथें आधींच चुकती होते. पुढें प्रामाणिक राहीन, या बोलीवर गडी दहा अंकांची उचल घेतो आणि त्यांतून तलवारबाजी वाढवितो. मग खेळांत तो खरें वागला तर तें सत्त्व नव्हे, घेतलेल्या उचलीची फेड होय.

इतर खेळांतील रकान्यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. १९९१ च्या ‘व्हँपायर’मध्यें माणसाचा खरा स्वभाव व जगाला दाखवावयाचा स्वभाव यांस दोन निरनिराळे रकाने आहेत, कल्पना बरी आहे, पण खरा स्वभाव कोणता हें ज्याचें त्याला कागदावर लिहिण्याइतकें ठाऊक असतें असें मानणें धाडसाचें आहे. ‘ट्रॅव्हलर’ या १९७७ च्या खेळांत सामाजिक दर्जा हा शक्ति व बुद्धि यांच्याच पंक्तींत फांशांनीं ठरतो, आणि त्यानंतर पात्राच्या नोकरीचीं चारचार वर्षें एकामागून एक काढून त्याचें पूर्वायुष्य तयार होतें. त्यांतच मृत्यु आला तर खेळापूर्वींच पात्र संपतें. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या १९८१ च्या खेळांत मनाच्या स्थैर्याचा आंकडा असतो व भयंकर गोष्टी पाहत गेलें कीं तो उतरत जातो. या दोन कागदांची आठवण आम्हांस पुढें ठेवावयाची आहे.

खेळाबाहेरची एक पत्रिका येथें आठवते. बेंजामिन फ्रँकलिन यानें तरुणपणीं तेरा सद्गुण निवडून एक वही केली होती. आठवड्याचे सात उभे रकाने, गुणांच्या तेरा आडव्या ओळी, आणि चूक झाली कीं काळा ठिपका. चांगल्या वागण्याला खूण नाहीं. घर कोरें राहिलें हेंच त्याचें यश. या पद्धतींत व्यापारी नीटनेटकेपणा आहे व त्याबद्दल फ्रँकलिनची थट्टाहि पुष्कळ झाली आहे. पण ती वही त्याची त्यानें आंखलेली होती आणि ठिपकेहि तोच देत होता, हें थट्टा करणारे विसरतात. आपल्या आयुष्यांतील कागदांना हा लाभ नाहीं. शाळा सोडल्याचा दाखला घ्या. नांव, आईचें नांव, जन्मतारीख, धर्म, जात, पोटजात, प्रगति, वर्तणूक. वर्तणुकीपुढें कारकून सर्वांच्याच दाखल्यावर ‘चांगली’ असें लिहून मोकळा होतो. ज्या एका रकान्यांत मुलानें स्वतः केलेली गोष्ट यावयाची, त्यांत सर्वांस एकच शब्द. आणि ज्यांत त्याचें कर्तृत्व कांहींच नाहीं ते रकाने काळजीपूर्वक भरलेले. यांतील जातीची नोंद पुढें सवलतीच्या हक्कासाठीं लागते, आणि ज्यांस शतकानुशतकें वंचित ठेवलें त्यांस ती लागावीच, हें आम्ही जाणतों. पण तो अन्याय निस्तरण्यासाठीं ठेवलेला रकाना आहे. माणसाचें वर्णन नव्हे. हा भेद आमच्या विद्यार्थ्यांच्या खेळांत एकदम ऐरणीवर आला.

त्यांनीं आणलेल्या कच्च्या कागदावर सहा गुणांच्या शेजारींच ‘जात’ असा रकाना होता, आणि खालीं बारीक अक्षरांत, अमक्या जातीस बुद्धि एक अधिक, तमक्या जातीस काटकपणा एक अधिक, अशी कोष्टकें. मुलें दुष्ट नव्हेत. अमेरिकन खेळांत मानव, बुटके, यक्षसदृश लोक अशा ‘वंशां’ना तसे अंक होते, तो सांचा त्यांनीं सरळ उचलला होता. मूळ खेळांतच या सांच्यानें काय काय केलें हें पाहण्यासारखें आहे: १९७८ च्या पुस्तकांत मानवी स्त्रीपात्राच्या शक्तीला पुरुषपात्राहून खालची मर्यादा होती, ती १९८९ च्या आवृत्तींत गेली, आणि २०२४ च्या आवृत्तींत ‘वंश’ हा शब्दच काढून त्या जागीं जीवजातीचा वाचक शब्द आला, व गुणांची वाढ जन्माशीं न जोडतां पात्राच्या पूर्वीच्या धंद्या-शिक्षणाशीं जोडली गेली. कोष्टक पुसावयास पन्नास वर्षें लागलीं.

कोष्टक आमच्या मुलांनींहि तेव्हांच खोडलें. प्रश्न रकान्याचा राहिला. एकाचें म्हणणें, तो साफ काढून टाकावा. आपण खेळावयास बसतों, जुनीं दुखणीं उकरावयास नव्हे. त्यावर ती मुलगी म्हणाली, ‘मग १७९५ सालच्या गांवांत पांच पात्रें शिरलीं आणि पांचहि जणांनीं विहिरीवर पाणी प्यालें, असें आपण खेळणार काय? ज्यांना पाणी मिळालें नाहीं त्यांचें न मिळणेंसुद्धां मग आपण पुसून टाकलें.’ याला उत्तर नव्हतें. ठेवावा तर पात्रावर डाग, काढावा तर इतिहासाला रंगसफेती.

आमचें मत आम्हीं त्यांस सांगितलें तें असें. पात्राच्या कागदावर जें लिहितों तें त्या माणसाच्या ठिकाणीं आहे असें आपण म्हणतों. बळ त्याच्या दंडांत असतें, चपळाई त्याच्या पायांत. अस्पृश्यता कोठें असते? ज्याला अस्पृश्य म्हणतात त्याच्या देहांत ती शोधून सांपडत नाहीं. ती पोहरा धरणाऱ्याच्या हातांत असते. छापेविषयीं त्या मुलानें विचारलेला प्रश्न येथें परत येतो. मग रकाना ज्याचा त्याच्या कागदावर जाऊं द्या. सूत्रधारापाशीं प्रत्येक गांवाचा एक कागद असावा: या विहिरीवर कोणास पाणी मिळतें, चावडीवर कोण बसतो आणि कोण उभा राहतो, कोणाची साक्ष धरतात, देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोण जातो. पात्राच्या पत्रिकेवर नांव, गांव, धंदा, सहा गुण आणि जवळची चीजवस्त. ‘ट्रॅव्हलर’नें दर्जा हा बळाच्या रांगेंत बसविला, जन्म हा फांशाचा खेळ आहे हें त्यांत खरेंच सांगितलें आहे, परंतु बळ आणि दर्जा यांचा निवास एकच समजण्याची चूक झाली.

या सूचनेचा एक परिणाम मुलांस आवडला. गांवाचा कागद सूत्रधारानें आपल्या लहरीनें बदलावयाचा नाहीं. पात्रांच्या कृत्यांनींच तो बदलेल. कसा बदलेल, हें ठरवितांना आम्हीं महाडचा दाखला दिला. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें असल्याचा ठराव केला. कागदावर रकाना पुसला गेला. प्रत्यक्षांत एकहि अस्पृश्य माणूस तेथें पाणी पिऊं शकला नाहीं. १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, तळ्याचें ‘शुद्धीकरण’ झालें, दावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ सालीं झाला. ठराव, ओंजळभर पाणी आणि निकाल, यांत चौदा वर्षें. म्हणून खेळांत असा नियम घातला कीं, पंचायतीनें ठराव केल्यानें गांवाच्या कागदावर शाई लागणार नाहीं. कोणी पाणी भरलें, आणि भरूं दिलें, तर लागेल. जुनी ओळ खोडावयाची, पण खालचीं अक्षरें वाचतां येतील अशी.

इतकें झाल्यावर आमची समजूत अशी कीं, कागद पुरा झाला. धैर्य, सत्य, दया यांस रकाने नाहींत. तीं ज्यानें त्यानें खेळून दाखवावयाचीं. पक्षाचें घर नाहीं, सचोटीची उचल नाहीं. पण त्या मुलीनें दुसरे दिवशीं येऊन नवा प्रश्न टाकला. ‘सर, विहिरीचा रकाना गांवाच्या कागदावर गेला हें ठीक. पण दहा गांवांत दहा वेळां ज्याला मागें सारलें, तो अकराव्या गांवीं विहिरीजवळ जातच नाहीं. तेथें त्याला कोणी अडविलेलें नसतें. तें कोठें लिहावयाचें?’

एकानें सुचविलें कीं, मनःस्थैर्याच्या त्या उतरत्या आंकड्याप्रमाणें एक ‘भीड’ असा आंकडा ठेवावा व प्रत्येक अपमानागणिक तो वाढवावा. तिनें तें ऐकलें नाहीं. आंकडा त्याच्या कागदावर चढला म्हणजे तें त्याचें वैगुण्य झालें, आणि मग फांसा टाकून तो भ्याला असें आपण म्हणणार. तो भ्याला नाहीं, त्याला आठवतें. या शब्दभेदापुढें आमचें तत्त्वज्ञान थोडा वेळ गप्प बसलें. परिस्थिति बाहेर आणि गुण आंत, अशी सरळ भिंत आम्हीं घातली होती. बाहेरचें आंत झिरपतें आणि आंत गेल्यावर तें गुणहि नसतें, दोषहि नसतें, परिस्थितीहि राहत नाहीं. स्मृतीला अंक देणें आम्हांस पटेना, आणि तिला कागदाबाहेर ठेवणेंहि पटेना.

तूर्त ठरलें तें एवढेंच. पत्रिकेची पुढची बाजू पेन्सिलीनें भरावयाची, कारण आंकडे चढतात, उतरतात, खोडावे लागतात. मागची बाजू कोरी ठेवावयाची; तेथें गड्यानें आपल्या पात्रावर गुदरलेलें व आपल्या पात्रानें केलेलें, त्याला वाटेल तें, वाटेल तेव्हां, शाईनें लिहावें. सूत्रधारानें ती बाजू वाचूं नये व तिच्यावरून फांसा टाकावयास सांगूं नये. त्या बाजूवर निदान ओळी तरी आंखाव्या असें तिघा मुलांचें म्हणणें आहे, म्हणजे अक्षर तिरकें जात नाहीं. मुलगी ओळींना विरुद्ध आहे. आम्हांस विचारलें तर ओळी नकोत. पण खेळ त्यांचा आहे, आणि पुढच्या रविवारीं तीं चौघें बसून काय तें ठरवितील.